एक विमान अडकलं की सहा विमानं का रखडतात? विमानतळ चालवायच्या गेममधून समजून घेऊया

सकाळी सहाचं विमान असेल तर भोरहून रात्री अडीचलाच गाडी काढावी लागते. वेल्ह्याहून, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातून, त्याच्याही आधी. खेड-शिवापूरचा टोलनाका, कात्रज आणि मग अख्खं पुणे ओलांडून लोहगाव, असा साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास. एवढं करून वेळेत पोहोचावं आणि बोर्डावर ‘डिलेड’ दिसावं! पाऊस नाही, धुकं नाही, मग उशीर कशाचा?

एअरलाइनकडून मेसेज येतो, ‘ऑपरेशनल रीझन्स’. त्यातून काहीच कळत नाही. पण विमानतळ चालवायचा एखादा सिम्युलेशन गेम दोन-तीन तास खेळलात, तर या दोन शब्दांमागे काय काय दडलेलं असतं याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. गेम नसेल तर कागद-पेन्सिलही चालेल. कसं ते खाली सांगितलंय.

या गेम्समध्ये करायचं काय असतं?

विमानांचे गेम म्हटलं की कॉकपिट आठवतं. पण हा प्रकार वेगळा आहे. इथे तुम्ही पायलट नसता, विमानतळाचे मॅनेजर असता. स्वीडनच्या अपोअॅप्सिस स्टुडिओजचा ‘एअरपोर्ट सीईओ’ आणि ‘सिमएअरपोर्ट’ हे कॉम्प्युटरवरचे दोन प्रसिद्ध गेम. मोबाइलवर ‘वर्ल्ड ऑफ एअरपोर्ट्स’ खेळला जातो.

तपशील वेगळे असले तरी गाभा एकच आहे. येणाऱ्या प्रत्येक विमानाला उभं राहायला जागा द्यायची, ठरलेल्या वेळेत त्याची सगळी कामं उरकायची आणि पुढचं विमान यायच्या आत ती जागा मोकळी करायची. एअरपोर्ट सीईओमध्ये यासाठी एक वेळापत्रक असतं. एका बाजूला जागांचे नंबर, वर घड्याळ आणि मध्ये विमानांच्या पट्ट्या. त्या पट्ट्या ओढून रिकाम्या जागी बसवायच्या. एकाच जागी दोन पट्ट्या एकमेकींवर येता कामा नयेत, एवढाच नियम.

खऱ्या विमानतळावरही बे वाटप करणाऱ्यांच्या स्क्रीनवर याच धाटणीचा तक्ता असतो.

गेट वेगळं, बे वेगळा

आपण बोर्डिंग पासवर बघतो ते गेट. ते टर्मिनलच्या आत असतं, म्हणजे आपण रांग लावतो तो दरवाजा. विमान बाहेर जिथे उभं राहतं तो पार्किंग बे.

भोरच्या एसटी स्टँडवर फलाट असतात ना, तसे हे बे. स्वारगेटची गाडी फलाटाला लागते, माणसं उतरतात, नवी चढतात, गाडी निघते. मग पुढची गाडी त्याच फलाटाला लागते. आता एखादी गाडी फलाटावरच बंद पडली तर? मागून येणारी गाडी बाजूला कुठेतरी उभी करता येते, माणसं चालत जाऊन बसतात. फार अडत नाही.

विमानाला अशी सोय नसते. एअरबस ए३२० च्या पंखांचा पसारा सुमारे ३६ मीटर असतो, एटीआर ७२ चा सुमारे २७ मीटर. त्यामुळे प्रत्येक बेवर कोणत्या आकाराचं विमान बसेल हे ठरलेलं असतं. दोन विमानांच्या पंखांमध्ये ठरावीक अंतर लागतं. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे विमान लावता येत नाही.

काही बे टर्मिनलला चिकटून असतात. तिथे एरोब्रिजमधून थेट विमानात जाता येतं. बाकीचे लांब असतात, तिथे बसने नेतात. ऐनवेळी ‘गेट बदललं आहे’ अशी घोषणा होते तेव्हा बऱ्याचदा आतल्या दरवाजात काही बिघाड झालेला नसतो. बाहेर विमानाचा बे बदललेला असतो.

विमान उभं असतं तेव्हा काय चाललेलं असतं?

विमान बेवर लागल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या वेळेला टर्नअराउंड म्हणतात. छोट्या अंतराच्या ए३२० साठी स्वस्त विमान कंपन्या हा वेळ साधारण अर्ध्या-पाऊण तासात बसवतात. एवढ्या वेळात उतरणारे प्रवासी, त्यांचं सामान, केबिनची सफाई, खाणं-पिणं, इंधन, तांत्रिक तपासणी, चढणारे प्रवासी आणि त्यांचं सामान हे सगळं व्हावं लागतं. शेवटी एक ट्रॅक्टर येऊन विमानाला मागे ढकलतो, कारण बेवरून विमान स्वतःच्या जोरावर मागे जात नाही. याला पुशबॅक म्हणतात.

यातली काही कामं एकाच वेळी होतात, काही एकामागून एक. सफाई झाल्याशिवाय बोर्डिंग सुरू होत नाही. सामान चढवून बसलेला प्रवासी ऐनवेळी गायब झाला, तर त्याची बॅग शोधून उतरवावी लागते. गेममध्ये नवखे खेळाडू इथेच फसतात. दहा बे बांधतात, पण इंधनाच्या गाड्या दोनच घेतात. मग विमानं जागेवर उभी, प्रवासी बसलेले आणि सगळे टँकरची वाट बघताहेत, असं चित्र दिसतं.

कागदावर खेळून बघा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एक छोटा काल्पनिक विमानतळ घ्या. त्याला तीनच बे आहेत: अ, ब आणि क.

नियम दोन. प्रत्येक विमान बेवर ४० मिनिटं थांबतं. ते गेल्यावर पुढचं विमान लागेपर्यंत मध्ये १५ मिनिटं सोडावी लागतात.

सकाळी नऊ विमानं येणार आहेत. ६.००, ६.१०, ६.२० ला पहिली तीन. ७.००, ७.१०, ७.२० ला दुसरी तीन. ८.००, ८.१०, ८.२० ला शेवटची तीन.

सगळं सुरळीत असेल तर हिशेब छान बसतो. सहाचं विमान अ वर लागलं, ६.४० ला निघालं, ६.५५ ला बे तयार. सातचं विमान आरामात तिथे लागतं. ब आणि क वरही तसंच. नऊ विमानं, उशीर शून्य. प्रत्येक फेरीत पाच मिनिटं शिल्लकही राहतात.

आता सहाच्या विमानात बिघाड झाला आणि ते सकाळभर अ वरून हललंच नाही, असं समजा. उरले दोन बे. पुढच्या सहा विमानांचं काय होतं ते बघा:

- ७.०० चं विमान: ब ७.०५ ला तयार होतो. उशीर ५ मिनिटं.
- ७.१० चं विमान: क ७.१५ ला तयार होतो. उशीर ५ मिनिटं.
- ७.२० चं विमान: पुन्हा ब ची वाट बघायची, तो ८.०० ला मिळतो. उशीर ४० मिनिटं.
- ८.०० चं विमान: क ८.१० ला मिळतो. उशीर १० मिनिटं.
- ८.१० चं विमान: ब ८.५५ ला मिळतो. उशीर ४५ मिनिटं.
- ८.२० चं विमान: क ९.०५ ला मिळतो. उशीर ४५ मिनिटं.

एकूण १५० मिनिटं. ज्या सहा विमानांचा उशीर झाला, त्यातल्या एकातही बिघाड नव्हता. पायलट वेळेत होते, प्रवासी वेळेत होते, आकाश मोकळं होतं. त्यांना उतरल्यावर उभं राहायला जागा मिळाली नाही, एवढंच.

आता यात एकच गोष्ट बदला. विमानतळावर एका बाजूला एक रिकामी जागा ठेवलेली आहे. बिघडलेलं विमान ट्रॅक्टरने ओढून ७.०५ ला तिथे नेलं. १५ मिनिटं सोडून ७.२० ला अ तयार. मग सातच्या आणि सात-दहाच्या विमानांना पाच-पाच मिनिटं उशीर होतो आणि तिसऱ्यापासून गाडी रुळावर येते. एकूण उशीर १० मिनिटं.

एका रिकाम्या जागेने १५० चे १० केले. एरवी ती जागा बघणाऱ्याला वाटलं असतं, ‘ही वाया का घालवलीय? इथे आणखी एक विमान लावा की!’ गेममध्ये पहिले काही दिवस सगळे हेच करतात. प्रत्येक बे, प्रत्येक मिनिट भरून टाकतात. पैसे भराभर येतात आणि मग एक विमान अडकलं की अख्खा दिवस कोलमडतो.

पुण्यात हे खरंच घडलंय

१६ मे २०२४. एअर इंडियाचं पुण्याहून दिल्लीला निघालेलं विमान धावपट्टीकडे जाताना सामान ओढणाऱ्या टग ट्रॅक्टरला धडकलं. विमानात सुमारे १८० प्रवासी होते, सगळे सुखरूप होते. विमानाचं मात्र नुकसान झालं आणि तपासासाठी ते तिथेच थांबवलं गेलं.

ते विमान पुण्यातल्या दहा पार्किंग बेंपैकी एकावर महिनाभर उभं होतं. दहाचे नऊ झाले आणि त्याचा फटका रोजच्या वेळापत्रकाला बसू लागला. आपल्या कागदावरचा ‘अ’ बे तो हाच. केंद्रीय राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांना त्यात लक्ष घालावं लागलं. शेवटी हवाई दलाच्या हद्दीत जागा मिळाली आणि विमान हललं. म्हणजे प्रश्न दुरुस्तीइतकाच ते बाजूला ठेवायच्या जागेचा होता.

दुसरा प्रसंग डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यातला. पायलटच्या कामाच्या तासांचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. इंडिगोकडे त्या हिशेबाने क्रू पुरला नाही आणि देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. पुण्यात इंडिगोची विमानं क्रूची वाट बघत बेवर उभी राहिली. त्यामुळे ज्यांच्याकडे क्रू होता, विमान होतं, त्या दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांनाही जागा मिळेना.

तिकीट एका कंपनीचं, गोंधळ दुसऱ्या कंपनीचा आणि उशीर तुम्हाला, हे अशा वेळी होतं. कारण बे सगळ्यांचे सामाईक असतात.

पुणे ही अवघड लेव्हल का आहे?

गेममध्ये जागा कमी पडली की बाजूची जमीन विकत घ्यायची आणि नवी धावपट्टी टाकायची. लोहगावला तसं करता येत नाही.

हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. १९३९ मध्ये ब्रिटिशांच्या काळात तो उभा राहिला आणि आज तिथे सुखोई-३० लढाऊ विमानं असतात. धावपट्टी एकच आहे, साधारण अडीच किलोमीटरची. एअर ट्रॅफिक कंट्रोल हवाई दलाकडे आहे. प्रवासी विमानांना त्यांच्या सरावाच्या वेळा सांभाळून स्लॉट मिळतात. स्लॉट म्हणजे उतरायची आणि उडायची ठरवून दिलेली वेळ.

धावपट्टी एकच असली की काय होतं, हे ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसलं. धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर असे १४ दिवस पुण्याची सगळी प्रवासी उड्डाणं बंद होती. पर्यायी धावपट्टीच नव्हती.

१४ जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल सुरू झालं. चेक-इनची गर्दी विभागली गेली, आणखी पाच एरोब्रिज मिळाले, बसायला जागा झाली. पण टर्मिनल मोठं केल्याने धावपट्टी दोन होत नाहीत. गेमच्या भाषेत सांगायचं तर आपण वेटिंग हॉल अपग्रेड केला, अडचण मात्र बाहेर डांबरावर होती.

उशीर एका शहरातून दुसऱ्या शहरात कसा जातो?

एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी दिल्लीहून पुणे, मग पुण्याहून बेंगळुरू, तिथून कोलकाता असं. सकाळी दिल्लीत धुक्यामुळे गेलेला एक तास दुपारी बेंगळुरूत दिसतो, जिथे लख्ख ऊन असतं. याला ‘रिॲक्शनरी डिले’ म्हणतात, म्हणजे आधीच्या उशिरामुळे झालेला उशीर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दर महिन्याला उशिराची कारणं जाहीर करतं. त्यात बहुतेक वेळा सर्वात मोठा वाटा याच कारणाचा असतो.

मुंबईत तर आणखी घट्ट गणित आहे. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरली जाते. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ ला २४ तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. म्हणजे सरासरी दर ८४ सेकंदांना एक विमान! एवढ्या घट्ट विणीत एक टाका निसटला तरी त्याचा ताण पुण्या-नागपूरपर्यंत जाणवतो.

म्हणून कधी कधी तुमचं विमान पुण्यात तयार असतं, दार बंद झालेलं असतं, तरी हलत नाही. पुढच्या शहरात गर्दी असेल तर विमानाला जमिनीवरच थांबवून उडायची नवी वेळ दिली जाते. हवेत घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा हे बरं. याचं देशभराचं नियोजन एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या दिल्लीतल्या केंद्रातून होतं.

गेममध्ये काय दिसत नाही?

पहिली गोष्ट म्हणजे पॉज बटण. गेममध्ये गोंधळ झाला की वेळ थांबवता येते. बे वाटणाऱ्या खऱ्या माणसाला निर्णय घेईपर्यंत तिसरं विमान उतरलेलं असतं.

दुसरी गोष्ट, प्रवासी. गेममध्ये ते ठिपके असतात, उशीर झाला की त्यांचा आनंद थोडा कमी होतो. वेल्ह्याच्या आतल्या गावातून रात्री खासगी गाडी ठरवून निघालेल्या कुटुंबाचं भाडं त्यात मोजलं जात नाही. त्या वेळी एसटी नसते आणि तीन तास उशीर झाला म्हणून गाडीवाला पैसे परत देत नाही.

तिसरी गोष्ट जमीन. गेममध्ये ती नकाशावर हिरवी आणि रिकामी असते, पैसे दिले की मिळते. लोहगावला पर्याय म्हणून भोरला लागूनच असलेल्या पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ प्रस्तावित आहे. तो झाला तर भोरकरांना पुणे शहर ओलांडावं लागणार नाही. पण त्यासाठी वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांची जमीन लागणार आहे. तिथे शेती आहे, घरं आहेत आणि विरोधही झाला आहे. आपल्या कागदावर आपण एक रिकामी जागा सहज काढली, प्रत्यक्षात ती कुणाची तरी असते.

मग आपण काय करायचं?

गेमचे धडे प्रवासात वापरता येतात.

- शक्यतो सकाळचं पहिलं विमान घ्या. ते बऱ्याचदा रात्रीपासून पुण्यातच उभं असतं, त्यामुळे आदल्या फेऱ्यांचा उशीर त्याला लागत नाही. संध्याकाळपर्यंत दिवसभराचा उशीर साचलेला असतो.
- आपलं विमान आत्ता कुठे आहे ते बघा. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर येणारं विमान दिसतं. ते अजून दिल्लीतच असेल तर मेसेज यायच्या आधीच तुम्हाला उशिराचा अंदाज येतो. पण कंपनीने वेळ बदलल्याचं कळवलेलं नसेल तर मूळ वेळेलाच पोहोचा. कधी कधी दुसरं विमान लावून वेळ साधली जाते.
- कनेक्टिंग विमान असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. दोन विमानांमधली मोकळी वेळ म्हणजे आपली ‘रिकामी जागा’. शक्य असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढा.
- बोर्डिंग पासवरच्या गेटवर विसंबून राहू नका. बे बदलला की गेट बदलतं. बोर्ड बघत राहा.

आणि उशीर झालाच तर हक्क माहीत असू द्या. डीजीसीएच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणं-पिणं द्यावं लागतं. उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसऱ्या विमानाचा किंवा पूर्ण पैसे परत घेण्याचा पर्याय द्यावा लागतो. रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यानचं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर हॉटेलची सोयही करावी लागते. हवामान किंवा एअर ट्रॅफिकसारखी कारणं कंपनीच्या हाताबाहेरची धरली जातात, तेव्हा रोख भरपाई मिळत नाही. म्हणूनच ‘ऑपरेशनल रीझन्स’ एवढ्यावर समाधान मानू नका. नेमकं कारण काय, ते काउंटरवर विचारा आणि लेखी मागा. क्रू नाही, विमान आलं नाही, बे नाही की हवामान खराब आहे, यातलं उत्तर कोणतं यावर तुमची भरपाई ठरू शकते.